हाताने बोलायचं नसतं

मी खुर्चीत बसलेली. डावी बाही खांद्यापर्यंत वर केलेली. दंडाला रबरी पट्टा. समोर बाराजणं ओळीने उभी, दहा नव्याने लागलेल्या सिस्टर आणि दोन शिकाऊ डॉक्टर. प्रत्येकाच्या हातात सुई.

त्यांना रक्त काढायला शिकवायचं होतं. माझ्यावर.

पहिलीची सुई शिरेच्या बाजूने गेली. दुसरीची शीर फोडून पलीकडे गेली. तिसऱ्या नंबरला एक डॉक्टर होता. त्याने पट्टा आवळला आणि बसला शीर शोधत. बोटाने चाचपतोय, टिचक्या मारतोय, मध्येच शेजारच्याशी बोलतोय. दोन मिनिटं होऊन गेली. माझी बोटं काळीनिळी पडायला लागली. पट्टा एक मिनिटाच्या वर ठेवायचा नसतो. ठेवला तर रक्त तिथंच तुंबतं, आणि रिपोर्टात जे आकडे येतात ते त्या माणसाचे खरे आकडे नसतात. हे मला माहीत होतं. शिकवणाऱ्या मॅडमनाही माहीत असणार, पण त्या खिडकीपाशी मोबाईल बघत होत्या.

मी म्हणाले, "डॉक्टर, पट्टा छोड़िए. बहुत देर हो गई."

डॉक्टर थांबला. मॅडमनी मान वर केली. माझ्याकडे बघून हसल्या. आणि मराठीत म्हणाल्या, "अगं, आज तू हात आहेस. हाताने बोलायचं नसतं."

मग काय बोलल्या ते इंग्रजीत सगळ्यांना समजावून सांगितलं. हशा पिकला. एक नवी सिस्टर तेवढी हसली नाही, खाली बघत राहिली. डॉक्टरने पट्टा न सोडताच सुई घातली.

त्या दिवशी मला पाच वेळा टोचलं. डावीकडे तीनदा, उजवीकडे दोनदा. कापूस दाबून मी उठले आणि तशीच वॉर्डात गेले, कारण दुपारची ड्यूटी माझी होती. एका आजोबांना कुशीवर वळवताना कोपरात कळ आली आणि डोळ्यांत पाणी आलं. दुखण्याचं पाणी होतं ते, असं मी स्वतःला सांगितलं.

खोटं सांगितलं.

पाणी त्या मराठीमुळे आलं होतं. कोलकात्यात येऊन मला चार वर्षं झाली होती. नवरा गार्डन रीचला रेल्वेच्या ऑफिसात, बदली होऊन आलेला. मी बायपासजवळच्या एका खाजगी हॉस्पिटलात, वर्षावर्षाच्या करारावर. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, मॅडमचंही लिहीत नाही. तसं हॉस्पिटल एकच नाही आणि तशी बाईही एकच नाही. कामावर माझं बोलणं म्हणजे पेशंटशी हिंदी, आया माशींशी (इथे मावशीला माशी म्हणतात) मोडकीतोडकी बंगाली, कागदावर इंग्रजी. मराठी फक्त घरात. तीही अर्धीच, कारण माझी लेक शाळेतून आली की दारातूनच ओरडते, "आई, खिदे पेयेछे." भूक लागली हे तिला मराठीत सुचतच नाही.

अशात या मॅडम आल्या. नर्सेसच्या ट्रेनिंगच्या मुख्य म्हणून. नवरा बँकेत मोठा साहेब, बदलीवर आलेला, घर अलीपूरला. पहिल्याच दिवशी माझ्या छातीवरचं नाव वाचून म्हणाल्या, "अगंबाई, मराठी! आपलीच गं तू!" मला इतका आनंद झाला की सांगता सोय नाही. माहेरचं कोणी भेटावं तसं झालं. त्यांनी डब्यातला चिवडा दिला. गणपतीत आपल्या मंडळात ये म्हणाल्या. मी घरी जाऊन नवऱ्याला दहा वेळा सांगितलं. तो म्हणाला, "बरं झालं. पण जरा जपून." मी त्याच्यावर चिडले.

आठ दिवसांनी कँटीनमध्ये त्यांनी विचारलं, "गाव कुठलं?" सांगितलं. "गावात घर कुठेशी?" सांगितलं. "कुलदैवत कोणतं तुमचं?" तेही सांगितलं. त्या "हं" म्हणाल्या आणि चहा ढवळत राहिल्या. चांगला वेळ ढवळला. मराठी माणसाला हे प्रश्न कशासाठी असतात ते माहीत असतं. बंगाल्यांना सांगूनही कळलं नसतं. पंधराशे किलोमीटर लांब आले तरी ते प्रश्न माझ्या आधी येऊन बसलेले. गणपतीचं त्यानंतर त्यांनी कधी काढलं नाही. मीही विचारलं नाही.

आणि महिन्याभरात ट्रेनिंगचा वर्ग लागला. "चांगल्या शिरांचा एक हात हवाय," असं मॅडम म्हणाल्या आणि थेट माझ्याकडे बोट केलं. "ही बसेल. आमची मराठी मुलगी आहे, नाही म्हणायची नाही."

त्या खोलीत हात नव्हता असं नाही. काचेच्या कपाटात एक होता. प्लास्टिकचा. गोरागुलाबी, दंडापासून बोटांपर्यंत पूर्ण, आत नळ्या घातलेल्या. शिकणाऱ्यांनी शंभरदा टोचावं यासाठीच बनवलेला. त्याच्यावरचं कंपनीचं प्लास्टिकसुद्धा काढलं नव्हतं. कपाटाला कुलूप आणि किल्ली मॅडमच्या टेबलात. एका सिस्टरने विचारलं होतं, त्यावर का नाही शिकायचं. मॅडम म्हणाल्या, "तो इन्स्पेक्शनला दाखवायला लागतो. भोकं पडली तर?"

म्हणजे तो हात जपायचा. भोकं माझ्या हाताला पाडायची.

तरी मी गप्प बसले. याचा राग मला मॅडमपेक्षा स्वतःचा जास्त येतो. गप्प बसायची सवय मला आजची नव्हती.

नर्सिंग स्कूलला होते, जिल्ह्याच्या गावी. पहिलं वर्ष. आम्ही वीस मुली. रक्त काढायचा पहिला तास. ट्यूटर बाई एकेकीचा हात बघत आल्या. माझा दंड धरला, पट्टा बांधला, आणि थांबल्या. "अरे वा," म्हणाल्या. "घरी काय काम करतात?"

"खडी फोडतात. रस्त्याच्या कामावर. आई आणि बाबा दोघं."

"तूही फोडायचीस?"

"सुट्टीत."

"बघा मुलींनो," बाई म्हणाल्या, "कष्टाच्या लोकांच्या शिरा बघा. दोरखंड आहेत नुसते. आंधळ्यालाही सापडतील. या लोकांच्या शिरा अशाच असतात."

मला अभिमान वाटला. खरंच सांगते, अभिमान वाटला. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी वर्गात माझं काही चांगलं आहे म्हणालं होतं. वर्षभर मी हात दिला. "शिरावाली कुठंय?" अशी हाक यायची, की मी बाही वर करत जायचे. डॉक्टरांच्या, वकिलांच्या मुली होत्या वर्गात. त्यांच्या शिरा सापडत नाहीत म्हणून त्यांना टोचायचं नाही, असा बाईंचा नियम. आणि त्यांना शिकायला तर हवं. मग माझ्यावर.

गंमत अशी की टोचून घेताघेता मी शिकले. सुई आत कशी गेली की दुखतं आणि कशी गेली की कळतही नाही, हे मला माझ्या हाताने सांगितलं. कोणत्या कोनात धरायची, कातडी कुठून ताणायची, स्पिरिट वाळायच्या आत टोचलं तर आग का होते, सगळं. वीसजणींत सगळ्यात हलका हात माझा झाला. पण बाईंनी हलक्या हातासाठी माझं नाव एकदाही घेतलं नाही. त्यांच्या लेखी मी शिरावालीच.

दिवाळीत घरी गेले. आईने कोपरापाशी निळेकाळे डाग बघितले आणि हातातली परात खाली ठेवली.

"कुणी मारलं?"

"मारलं नाही गं. शिकतात. मुली शिकतात माझ्यावर."

आई माझा हात उलटसुलट करून बघत राहिली. तिच्या बोटांना चिरा पडलेल्या, त्या माझ्या कातडीला खरखरीत लागत होत्या. मग म्हणाली, "शिकू द्या की. पर तुझ्यावरच का शिकत्यात?"

मी म्हणाले, माझ्या शिरा चांगल्या आहेत.  तिने परत पीठ मळायला घेतलं. तिचा प्रश्न तिथंच राहिला आणि मी त्याला सतरा वर्षं उत्तर दिलं नाही.

आता पुढचं. हे लिहायला मला जड जातंय, पण हेच लिहायचं आहे. मला छळलं हे सांगणं सोपं आहे. मी काय केलं, ते अवघड आहे.

त्या ट्रेनिंगनंतर दोन-तीन महिन्यांनी वॉर्डात एक प्रकार झाला. एका आजोबांच्या रिपोर्टात पोटॅशियम भलतंच वर आलं. इतकं, की माणूस कोणत्याही क्षणी जाईल. डॉक्टर धावले, इंजेक्शनं भरायला घेतली, मॉनिटर आणला. आणि आजोबा मांडी घालून मुडी, म्हणजे कुरमुरे, खात बसलेले. त्यांना कळेना ही जत्रा कशाची.

मी सकाळच्या सिस्टरला बाजूला घेतलं. नवीन पोरगी. "पिवळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये रक्त कमी पडलं होतं का?" ती घाबरून हो म्हणाली. "मग जांभळ्यातलं त्यात ओतलंस?" ती रडायलाच लागली. तिची चूक मोठी होती, पण ती चूक आमच्यातलीच. परत टोचलं तर पेशंट ओरडतो, नातेवाईक अंगावर येतात, म्हणून इकडचं तिकडे ओततात. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये रक्त गोठू नये म्हणून जे औषध असतं, त्यातच पोटॅशियम असतं. त्यातला थेंब जरी पिवळ्यात गेला तरी रिपोर्ट चुकतो. हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. ट्रेनिंगमध्ये फोटो काढले होते, सर्टिफिकेटं वाटली होती, हे राहिलं होतं.

मी डॉक्टरांना म्हणाले, इंजेक्शन थांबवा, मी परत काढते. दुसऱ्या हाताचं काढलं, पट्टा पटकन सोडला, मूठ आवळायला लावली नाही, ओळीने ट्यूब भरल्या. रिपोर्ट ठीक आला. आजोबांचं मुडी खाणं चालूच होतं.

गोष्ट मॅडमपर्यंत गेली. त्यांनी बोलावून घेतलं. "तुला मी ट्रेनिंगला घेते. माझ्या हाताखाली. जमलं तर पर्मनंट करायचंही माझ्या मनात आहे." गोड मराठी परत आली होती. मी हुरळले. पर्मनंट म्हणजे दर वर्षी मार्चमध्ये करार वाढेल की नाही याची वाट बघणं संपलं. आणि शिकवायचं! मला जे येतं ते पोरींना सांगायचं. रात्रभर डोक्यात मांडणी करत होते, काय आधी सांगायचं, काय मग.

पहिला वर्ग. आठ नव्या सिस्टर. मी अर्धा तास मन लावून बोलले. पेशंटला "तुम्ही अमुकच ना?" असं विचारायचं नाही, त्यालाच नाव सांगायला लावायचं. घाबरलेला माणूस कशालाही हो म्हणतो. ट्यूबवर चिठ्ठी आधी चिकटवून ठेवायची नाही, रक्त काढल्यावर तिथंच, पलंगाशी उभं राहून चिकटवायची. सलाईन चालू आहे त्या हातातून घ्यायचं नाही. ट्यूब हलवायची नाही, हळूच उलटीसुलटी करायची. पोरी लिहून घेत होत्या. मॅडम मागे उभ्या होत्या, मान डोलावत होत्या. मला वाटलं, झालं, आता मी इथली झाले.

मग टोचायची वेळ आली. एक हात हवा होता. कपाटाला कुलूप. मॅडमनी घड्याळ बघितलं आणि माझ्याकडे बघितलं.

मी दारात गेले. बाहेर शेफाली माशी पुसत होती. आमच्या वॉर्डातली आया. पन्नाशीची, बारीक, कायम पदर खोचलेला. गार्डन रीचलाच राहते, आम्ही दोघी बऱ्याचदा एकाच बसने येतो. तिने मला बंगाली शिकवली. माझी लेक तापाने फणफणली होती तेव्हा रजेच्या दिवशी येऊन बसली होती.

मी तिला म्हणाले, "माशी, एकटू हातटा दाओ तो." जरा हात दे गं.

कशाला, असंही तिने विचारलं नाही. फडकं बादलीवर टाकलं, हात धुतला, आत येऊन खुर्चीत बसली आणि बाही वर केली. मीच पट्टा बांधला. शिरा टरारून आल्या. बादल्या उचललेला हात तो. मी पोरींना म्हणाले, "देखो, कितने अच्छे वेन्स हैं. ऐसे लोगों के वेन्स अच्छे ही होते हैं."

हे मी म्हणाले.

ट्यूटर बाईंचं वाक्य, जसंच्या तसं, हिंदीत. माझ्या तोंडातून इतकं सहज आलं की मला ऐकूही आलं नाही.

पहिली पोरगी पुढे आली. तिने सुई घातली, रक्त आलं नाही, म्हणून आतल्या आत फिरवायला लागली. माशीचा चेहरा आवळला. ती म्हणाली, "लागछे गो दिदी." दुखतंय गं.

आणि मी म्हणाले, "माशी, कथा बोलबे ना." बोलू नकोस.

माशी गप्प झाली. लगेच. जशी मी झाले होते तशीच. माझ्याकडे बघत नव्हती, भिंतीकडे बघत होती. ते बघणं मला ठाऊक होतं. त्या खुर्चीतून भिंतीवर काय दिसतं तेही ठाऊक होतं, एक कॅलेंडर आणि ओलीचा डाग.

माझ्या कोपरात कळ आली. डाग जाऊन महिने झाले होते, तरी आली. आणि आईचा तो प्रश्न, सतरा वर्षं जुना, समोर येऊन उभा राहिला. तुझ्यावरच का शिकत्यात. मला उत्तर आलं. आम्ही गप्प बसतो म्हणून. आणि आमच्यातली एखादी उठून उभी राहिली, की दुसरीला गप्प बसवते म्हणून.

लाज वाटली. इतकी, की कान तापले. मी पट्टा ओढून सोडला, पोरीच्या हातातून सुई काढून घेतली, कापूस दाबून धरला. माशीच्या हाताला लिंबाएवढी गाठ आली होती. मी म्हणाले, "क्लास बंद."

मॅडम पुढे आल्या. "काय झालं?"

"कपाटाची किल्ली द्या मॅडम."

"तुला माहितेय तो हात कशासाठी आहे."

"शिकण्यासाठी आहे. तसं खोक्यावर लिहिलंय. आधी त्याच्यावर शिकतील. मग माणसावर. मग आपण सगळ्यांनी पाळीपाळीने हात द्यायचा. मी देईन. या पोरी एकमेकींना देतील. डॉक्टर देतील." मी थांबले. मग म्हणाले, "तुम्हीही द्या. आजच द्या. बसा."

मी खुर्ची दाखवली. त्यांनी स्वतःच्या हाताकडे बघितलं. पातळ बाहीचा कुर्ता, नाजूक घड्याळ. नकळत त्यांनी तो हात मागे घेतला. तेवढं पुरे होतं. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं, ते माशीच्या चेहऱ्यावर कधी आलं नव्हतं. माझ्याही नाही. आम्हाला असं कधी वाटलंच नव्हतं की हा हात आपला आहे, मागे घेता येतो.

"तू कोणाशी बोलतेयस, भान आहे का?" आवाज खाली होता.

"आहे ना. माझ्या मॅडमशी बोलतेय. मराठीत बोलतेय."

पोरी गोंधळून बघत होत्या. त्यांना काही कळत नव्हतं. मॅडमनी त्या दिवशी माझा अपमान इंग्रजीत करून सगळ्यांना सांगितला होता. मीही सांगितलं. हिंदीत, सावकाश. म्हणाले, मी मॅडमना सांगितलं की आज त्यांनी हात द्यावा. म्हणाले, मला या खुर्चीत पाच वेळा टोचलं आणि मी पट्टा सोडा म्हणाले तेव्हा, हाताने बोलायचं नसतं, असं मला सांगितलं. आज तेच मी माशींना सांगितलं. दोन्ही वेळा चूक झाली. आणि लिहून घ्या, हे पुस्तकात नाही: सुई आत असताना समोरचा बोलला तर थांबायचं. तो जे बोलतो ते तुमच्यापेक्षा त्याला जास्त कळतं.

एकीनेच लिहिलं. बाकीच्या मॅडमकडे बघत होत्या. मॅडम चपला वाजवत निघून गेल्या.

आता यापुढे माशीने मला मिठी मारली, असं काही लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. तसं झालं नाही.

दुपारी आम्ही एकाच बसला होतो. तिने हाताला बर्फ लावून फडकं गुंडाळलं होतं. माझ्या शेजारी जागा होती तरी ती पुढच्या बाकावर बसली. मी उठून तिच्याजवळ गेले आणि चुकलं म्हणाले. ती खिडकीबाहेर बघत बंगालीत म्हणाली, तू थांबवलंस हे खरं. पण हात मागितलास तो तूच. बाकीच्यांनी मागितला असता तर मी विचारलं असतं, कशाला. तू मागितलास म्हणून विचारलं नाही.



"काल आबार डाकबे," ती म्हणाली. उद्या परत बोलावतील. "तू नसशील तेव्हा."

तिचा थांबा आला, उतरली. मागे वळून बघितलं नाही.

तिसऱ्या दिवशी मला ट्रेनिंगवरून काढलं. चौथ्या दिवशी कागद आला. वरिष्ठांशी गैरवर्तन केल्याबद्दल लेखी माफी द्यावी, नाहीतर कराराचा विचार करावा लागेल. खाली सहीला जागा. माफीचा मजकूरही त्यांनीच टाईप करून दिला होता. माझं काम फक्त सहीचं. इथेही हातच हवा होता माझा, तोंड नको होतं.

नवरा म्हणाला, "कर सही. एक सहीच तर आहे. लेकीची शाळा आहे, मार्च जवळ आलाय." तो वाईट माणूस नाही. त्याच्या ऑफिसात त्यानेही बरंच गिळलंय, मला माहीत आहे. मी त्याला विचारलं, "तुला कुणी कुलदैवत विचारलंय का इथं?" त्याने हातातला मोबाईल खाली ठेवला. मग म्हणाला, "मराठी साहेब आला की विचारतो." आणि उठून लेकीचा अभ्यास घ्यायला गेला. परत सही कर म्हणाला नाही. कर नको, असंही म्हणाला नाही.

मी त्यांचा कागद बाजूला ठेवला आणि कोऱ्या कागदावर लिहायला बसले. हिंदीत लिहिलं, कुणाकडून इंग्रजी करून घेतलं नाही. लिहिलं की, मी वरिष्ठांना हात देण्याची विनंती केली. ती मागे घेत नाही. लिहिलं की, प्रॅक्टिसचा हात कपाटात बंद आहे आणि त्याच्या जागी आया आणि नर्सेस यांना न विचारता टोचलं जातं, आणि माझ्यावर ते पाच वेळा झालं आहे. लिहिलं की, त्याचमुळे पोरी घाबरत शिकतात, चुकतात, आणि ती चूक पेशंटच्या रिपोर्टात जाते.

मग शेवटी लिहिलं: माफी मागायची आहे. ती शेफाली माशींची. त्यांचा हात मी मागितला, कशासाठी ते सांगितलं नाही, आणि दुखतंय म्हणाल्या तेव्हा त्यांना गप्प केलं. हा गुन्हा माझा आहे आणि यासाठी जी शिक्षा असेल ती मला द्या.

सही केली. तारीख घातली. तिची एक प्रत काढून माशीला वाचून दाखवली, बंगाली करून, अडखळत. तिने ऐकलं. कागद मागून घेतला, घडी केली आणि कमरेला खोचला.

कागद देऊन तीन आठवडे झाले. उत्तर नाही. मॅडम समोरून आल्या तर फोन कानाला लावतात. मार्चला पंधरा दिवस आहेत. करार जाईल ही भीती आहे, नाही म्हणत नाही. पण मी एक ठरवलंय. रोज माझ्या वॉर्डात कोणतीही नवी सिस्टर सुई घेऊन आली, की मी तिला आधी पलंगापाशी उभं करते आणि पेशंटला विचारायला लावते: घेऊ का? तो नाही म्हणाला तर थांबायला लावते. करार राहिला तर इथे लावीन, नाही राहिला तर जिथे जाईन तिथे लावीन.

आणि पुन्हा वर्ग लागला, पुन्हा कुणी दारातून माशीला हाक मारली, तर मी त्या दारात उभी राहणार आहे. जो दुसऱ्याला पट्टा बांधणार असेल त्याने आधी स्वतःची बाही वर करायची.